पुराच्या दिवसांची शिदोरी

खानदेशात पाऊस कमी, असे आपण म्हणतो. पण तापी, गिरणा, पांझरा केव्हा चढतील याचा नेम नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेर चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी दुकानांत व घरांत शिरले. अशा वेळी चूल भिजते, सरपण भिजते. घरात दादरचे पोते असले तरी भाकर होत नाही. म्हणून चुलीवाचून खाता येईल असे काही जवळ हवे.

ते कोणते? अन्नातली ताकद उष्मांकांत मोजतात. मोठ्या माणसाला रोज सुमारे २००० उष्मांक लागतात. १०० ग्रॅम केळ्यात ते १०० च्या आसपास असतात, फुटाण्यांत ३७०, गुळात ३८०, आणि शेंगदाण्यांत ५६०. दाण्यात तेल असते ना, त्याची ही करामत! जळगावची केळी आम्हांलाही प्रिय आहेत, पण घड खांद्यावर घेऊन माळवदावर कोण चढणार? मुरमुऱ्यांनी तर डबा भरतो, पोट भरत नाही.

अर्धा किलो भाजलेले दाणे, पाऊण किलो फुटाणे आणि पाव किलो गूळ घ्या. दीड किलोचे हे गाठोडे एका माणसाला तीन दिवस पुरते.

ही युक्ती नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात कामावरच्या मजुरांना सुकडी वाटत. घरी करायची तर पीठ तेलात खरपूस भाजा, त्यात गूळ व दाण्याचे कूट घाला. लहान मुलांना अशीच सुकडी द्यावी. अख्खा दाणा त्यांच्या श्वासनळीत अडकतो.

आता दाण्यांविषयी नीट ऐका. ओल लागली की त्यांवर बुरशी धरते. "थोडीशीच आहे, पुसून घेते," असे घरोघरी म्हणतात. तसे करू नका. त्या बुरशीचे विष यकृताला बाधते, आणि भाजूनही ते पुरते जात नाही. बुरशी दिसली किंवा दाणा कडू लागला तर सरळ फेकून द्या. डबा कोरडा व घट्ट झाकणाचा असावा.

खारी शेव, चिवडा यांत नको. तहान लागते, आणि पुराचे पाणी पिण्याजोगे नसते. माणशी रोज दोन-तीन लिटर स्वच्छ पाणी झाकून ठेवा.

आषाढात भरलेला डबा पोळ्याला उघडा. दाणे चांगले असतील तर भाजीत घाला आणि डबा नव्याने भरा.