गाय गाभडली, तर पोटुशीला गोठ्यापासून दूर ठेवा



गाय किंवा म्हैस गाभडली की घरात हळहळ होते. वासरू गेले, दूध गेले, हिशेब बिघडला. पण त्यानंतर वार उचलायला आणि गोठा धुवायला कोण जाते, इकडे फारसे कोणी पाहत नाही. बहुतेक घरांत हे काम बाईमाणसाच्याच वाट्याला येते. त्यात सूनबाईला दिवस गेले असतील, तर त्या गोठ्यात तिला आणि तिच्या बाळाला धोका असू शकतो. माझे खाते शेतीचे. तरीही हा विषय घेतला, कारण या रोगाची वाट गोठ्यातूनच घरात येते.

रोग कोणता?

त्याला ब्रुसेलोसिस किंवा सांसर्गिक गर्भपात म्हणतात. जनावर बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, पुष्कळदा वार अडकते. पुढे ते चांगले दिसू लागते, पुढची वेतेही पूर्ण दिवसांची होऊ शकतात. मालक निर्धास्त होतो. पण रोगजंतू दुधातून आणि विताना पडणाऱ्या स्रावातून बाहेर येतच राहतात. प्रत्येक गाभडणे याच रोगाचे असते असे नाही. परंतु तपासणी होईपर्यंत तसेच समजून वागावे.

हे जंतू हाताच्या चिरांतून, डोळ्यांतून, श्वासावाटे आणि कच्च्या दुधातून माणसाच्या अंगात शिरतात. मग चढउताराचा ताप, रात्री घाम, सांधे व कंबर दुखणे, थकवा अशी लक्षणे दिसतात. हिवताप किंवा विषमज्वर समजून दिवस निघून जातात. गर्भवतीचा मात्र यात गर्भपात होऊ शकतो किंवा दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ शकते.

म्हणून ताप आला, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, "आमच्या गोठ्यात गाय गाभडली होती." एवढ्या एका वाक्याने योग्य रक्ततपासणी लवकर होते. यावर औषध आहे. पण नेहमीची काही औषधे गर्भवतीला चालत नाहीत. दुकानातून गोळ्या आणून देऊ नका.

गोठ्यात काय करावे?

१. विणाऱ्या किंवा गाभडलेल्या जनावराजवळ गर्भवतीने जाऊ नये. ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे.

२. वार उघड्या हाताने ओढू नये. पशुवैद्यकाला बोलवावे. सफाई करताना हातमोजे घालावेत, नाकातोंडाला फडके बांधावे, नंतर साबणाने हात धुवावेत.

३. पडलेला गर्भ, वार आणि खालचा पेंढा उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. कुत्र्यांनी उकरता कामा नये.

४. धारोष्ण दुधाने अंगात बळ येते या समजुतीने गर्भवतीला कच्चे दूध देऊ नये. दूध उकळूनच प्यावे.

५. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना या रोगाची लस एकदाच टोचून घ्यावी. २०१९ साली केंद्र सरकारने त्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ही लस जिवंत जंतूंची असते. टोचताना कालवड धरायला गर्भवतीला उभे करू नये.

६. नवे जनावर घेण्याआधी रक्त तपासून घ्यावे.

सकाळपर्यंत थांबू नका

गाय अडली तर आपण मध्यरात्री डॉक्टर आणतो. सुनेला त्रास झाला तर मात्र "उजाडल्यावर बघू" म्हणतो. हे बरे नव्हे. गरोदरपणात पुढील खुणा दिसल्या, तर त्या घटकेला दवाखाना गाठावा :

अंगावरून रक्त जाणे, जोराचा ताप किंवा हुडहुडी, पोटात असह्य कळा, फार डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर व हातांवर सूज, झटके येणे, वेळेआधी पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे किंवा थांबणे.

लघवीला जळजळ होत असेल तर तेही अंगावर काढू नये. शेतात आडोसा नाही म्हणून बाया लघवी रोखून धरतात, पाणी कमी पितात. त्यातून होणारा जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो आणि बाळंतपण लवकर होऊ शकते.

गाडीसाठी १०८ किंवा १०२ क्रमांक फिरवावा. २०११ सालच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात गर्भवतीची ने-आण, औषधे आणि बाळंतपण मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची खास तपासणी होते. तारीख आशाताईंकडून पक्की करून घ्या.

सासूबाईंनी आणि घरधन्याने मनावर घेतले, तर यातले काहीच अवघड नाही. सुनेच्या हातातले खराट्याचे काम नऊ महिने दुसऱ्याने केले, तर गोठा अडत नाही.