फायटर दुबळा नाही, दिवस आखूड आहे

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा भूमिका वठवायचा खेळ खेळणारं कुठलंही टोळकं घ्या. चार-सहा महिने झाले की कुणीतरी म्हणतंच, “फायटर उगाच घेतला, विझर्डच भारी आहे.” मग कुणीतरी वही उघडून स्वतःचा नवा क्लास लिहायला बसतं आणि त्यात एकावर एक क्षमता रचत जातं. हौस चांगलीच आहे. पण क्लासची क्षमता म्हणजे नेमकं काय, याबद्दलचे काही पक्के गैरसमजही त्या वहीत उतरतात, आणि त्यापायी चांगली कल्पना टेबलावर फसते.

सर्वांत मोठा गैरसमज असा, की क्षमतेची ताकद तिच्या आकड्यात असते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतली पाचवी लेव्हल घेऊन हिशेबच मांडू. विझर्डचा फायरबॉल म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. तोही वीस फूट त्रिज्येत सापडलेल्या प्रत्येकाला. सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, जमली तर निम्मा. फायटर मोठी तलवार एका टर्नमध्ये दोनदा चालवतो. एका घावाचे सरासरी ११ धरले आणि घाव शंभरात ६५ वेळा लागतो असं मानलं, तर राउंडला १४ च्या आसपास. एकीकडे २८ आणि तेही अनेकांना, दुसरीकडे १४ एकालाच. निकाल लागला असंच वाटतं.

पण त्या लेव्हलच्या विझर्डकडे फायरबॉलसाठी तिसऱ्या पातळीचे स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या मोजक्या संधी, असतात दोन. दिवसातून एकदा छोट्या विश्रांतीनंतर त्यातला एखादा परत मिळवता येतो. बाकी सगळं रात्रीच्या पूर्ण झोपेनंतरच. तलवार मात्र संपत नाही. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडने दिवसाचा अंदाज दिला होता तो सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकींचा, मधे दोनेक छोट्या विश्रांती धरून. सहा चकमकी आणि प्रत्येकी चार राउंड पकडले तर २४ राउंड होतात. त्यात फायटर ३४० च्या घरात जातो. विझर्डचे सगळ्या पातळ्यांचे मिळून स्लॉट नऊ. ते संपले की हातात उरतो स्लॉट न लागणारा फायर बोल्ट, म्हणजे शंभरात ६५ च्याच हिशेबाने राउंडला सरासरी सात. फायटरच्या निम्मा.

प्रत्यक्षात आपण खेळतो कसं? रविवारी दुपारी जमायचं, एक मोठी लढाई करायची आणि पात्रांना झोपवून टाकायचं. असल्या दिवसात विझर्डला काही राखून ठेवायची गरजच पडत नाही. कसोटीतला गोलंदाज एका षटकावरून जोखावा, तसा फायटर मग चार राउंडांवरून जोखला जातो. वॉरलॉकचे हाल तर याहून वाईट. दुसऱ्या ते दहाव्या लेव्हलपर्यंत त्याला स्लॉट दोनच, पण ते तासाभराच्या विश्रांतीत परत येतात. त्याचा सगळा डोलाराच त्या विश्रांतीवर उभा आहे. ज्या टेबलावर छोटी विश्रांती घ्यायची पद्धतच नाही, तिथे वॉरलॉक निवडणाऱ्यावर अन्याय होतो आणि दोष क्लासच्या माथी जातो. म्हणून नवी क्षमता लिहिताना फासे किती हे नंतर ठरवावं. ती परत कधी मिळते, ते आधी.

“सगळे क्लास समान असले की संतुलन साधतं,” हेही वारंवार ऐकू येतं. तो प्रयोग २००८ च्या चौथ्या आवृत्तीने करून पाहिला. तलवारबाज असो वा जादूगार, प्रत्येकाला हव्या तेव्हा वापरायच्या, चकमकीत एकदा वापरायच्या आणि दिवसातून एकदा वापरायच्या शक्ती. गणित म्हणून ती रचना देखणी होती, आजही तिचा अभ्यास करावा अशी. तरी सगळे क्लास सारखेच वाटतात ही तक्रार काही सुटली नाही. २०१० मध्ये ‘इसेन्शियल्स’ मालिकेत साधे फायटर आले आणि पाचव्या आवृत्तीने तो साचाच सोडला. खेळाडूंना समान आकड्यांपेक्षा वेगळी लय हवी होती, असं माझं मत आहे. आणि संतुलनाची किंमत दर वेळी क्षमतेतच वसूल करावी लागते असंही नाही. १९८१ च्या बेसिक संचात थीफ अनुभवाच्या १,२०० गुणांत दुसऱ्या लेव्हलला पोचायचा, फायटरला २,००० लागत आणि मॅजिक-यूजरला २,५००.

आकड्यांच्या बाबतीत तर पाचव्या आवृत्तीची पुस्तकंही आपलाच नियम मोडतात. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडमधल्या तक्त्याप्रमाणे अनेकांना लागणाऱ्या तिसऱ्या पातळीच्या स्पेलला सहा फासे मिळायला हवेत. फायरबॉलला आठ आहेत.

आता थीफकडे वळू, कारण खरं शिकण्यासारखं तिथे आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४ च्या मूळ खेळात क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. भिंत चढायची, अंधारात दडायचं, पावलं न वाजवता जायचं तर खेळाडू ‘मी असं करतो’ म्हणून सांगायचा आणि रेफरी ठरवायचा. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत थीफ आला आणि याच गोष्टी टक्केवारीत बसल्या. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकात पहिल्या लेव्हलच्या थीफला भिंत चढायला ८५ टक्के आहेत, पण सावलीत दडायला फक्त १०. नवी क्षमता आली की खेळात भर पडते, असं आपण धरून चालतो. इथे उलटंही घडलं. थीफ नसलेल्याला “तू कसा चढणार?” असं विचारलं जाऊ लागलं, आणि थीफच्या पदरातही दहातला एक डाव. जुन्या पद्धतीने खेळणारे यावर आजही वाद घालतात. त्यातून निघालेली एक तोड मला फार पटते: पडद्यामागे कुणीही लपू शकतो, नुसत्या सावलीत, काही आडोसा नसताना दिसेनासा होतो तो थीफ. इतरांचं काही काढून न घेता दिलेली क्षमता ही अशी.

२००० पासून या क्लासला ‘रोग’ म्हणतात. त्याच्या स्नीक अटॅकसाठी लपलेलं असावंच लागतं, हा समजही चुकीचा. शत्रूच्या पाच फुटांत आपला साथीदार उभा असेल, फासा डिसअॅडव्हांटेजने, म्हणजे दोनातला कमी आकडा धरून, टाकायचा नसेल आणि हत्यार फिनेस किंवा लांबून मारायचं असेल, तर उघड्यावरही तो लागू होतो, टर्नला एकदा. पाचव्या लेव्हलला त्याचे फासे तीन, सरासरी १०.५. एरवी या क्लासला टर्नला घाव एकच. स्नीक अटॅकवर बंधन घालणारा डंजन मास्टर रोगची मुख्य भाकरीच काढून घेतो.

आणि रेंजर. दमदार क्षमता दिली की खेळाडू खूश, या समजाला २०१४ चा रेंजर हे सरळ उत्तर आहे. त्याच्या आवडत्या भूप्रदेशात टोळी जादूशिवाय रस्ता चुकत नाही, अवघड वाटेने तिचा वेग घटत नाही आणि त्याला अन्न दुप्पट सापडतं. कागदावर भरघोस! पण रेंजर घेणारा तो घेतो जंगलासाठीच. वाट शोधणं, उपासमार, चकवा, हे सगळं त्याला अनुभवायचं असतं आणि नेमकं तेच ही क्षमता पुसून टाकते. “तुम्ही तीन दिवसांनी पोचलात,” एवढ्या वाक्यात प्रवास आटोपतो. २०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’मध्ये तिला पर्याय आला आणि २०२४ च्या हँडबुकातून ती गेलीच. क्षमतेमुळे खेळाडूला त्याच्या आवडीचा प्रसंग अधिक वेळा आणि अधिक रंगतदार मिळायला हवा. तो टळायला नको.

तुमच्या वहीत एखादा क्लास अर्धवट पडला असेल तर एक करा. फासे वाढवायच्या आधी त्याला एक अख्खा दिवस खेळवा, किमान सहा चकमकींचा आणि मधल्या दोन विश्रांतींसह, भले त्याला तीन रविवार लागोत. पायाभूत नियमांसाठी पैसे मोजायची गरज नाही. पाचव्या आवृत्तीचा बारा क्लास असलेला मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. तो बदलायला, छापायला आणि मराठीत आणायलाही वेगळी परवानगी लागत नाही. फक्त श्रेय द्यावं लागतं.