आईच्या बॅगेतल्या गोळ्या आणि विम्याचा अर्ज

मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून न्यू जर्सीला निघालेल्या आईच्या बॅगेत डिंकाचे लाडू असतात आणि सहा महिने पुरतील इतक्या गोळ्याही. बीपीच्या, शुगरच्या. विम्याच्या अर्जात मात्र ‘आधीपासूनचे आजार’ या रकान्यात अनेकदा ‘नाही’ असं लिहिलेलं असतं. हप्ता वाढेल, ही भीती. पण क्लेमच्या वेळी कंपनी जुने कागद मागते, आणि लपवलेला आजार सापडला तर क्लेम फेटाळू शकते.

युरोपला जाणाऱ्याला विमा चुकत नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं. तातडीच्या उपचारांपासून पार्थिव मायदेशी आणण्यापर्यंतचा खर्च त्यात धरलेला असावा लागतो. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला अशी अट नाही, म्हणून ‘कशाला उगाच खर्च’ म्हणणारे भेटतात. तिथल्या १९८६च्या कायद्यामुळे इमर्जन्सी विभागाला पैशांचा विचार न करता रुग्णाला तपासावं आणि सावरावं लागतं, हे खरं. बिल मात्र नंतर घरी येतंच.

पॉलिसी निवडताना सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर असते: ५०,००० डॉलर की एक लाख? ज्येष्ठांच्या बाबतीत त्याखालचा बारीक मजकूर जास्त महत्त्वाचा. साठीपुढच्यांच्या अनेक पॉलिसींत खर्चाच्या एकेका बाबीवर वेगळी मर्यादा असते. समजा, खोलीभाड्याला दिवसाला १,५०० डॉलरच मंजूर आहेत आणि इस्पितळाने ४,००० लावले, तर रोजचे २,५०० लेकीच्या खिशातून जाणार. डिडक्टिबल, म्हणजे सुरुवातीचा ठरावीक खर्च स्वतः सोसण्याची अट, त्याशिवाय. जुना आजार काही पॉलिसी पूर्ण वगळतात. काही जिवावर बेतलं तरच, तेही ठरलेल्या रकमेपर्यंत, पैसे देतात. म्हणून एजंटला थेट विचारावं: “बीपीमुळे पक्षाघात झाला तर किती मिळतील?” आणि ते पॉलिसीत कुठे लिहिलंय, तेही दाखवायला सांगावं.

मुक्काम लांबण्याची शक्यता असेल तर मुदतवाढीची सोय आधीच पाहावी. पॉलिसी संपल्यावर ती सहसा मिळत नाही. मदतीचा फोन नंबर कागदावर लिहून लेकीकडेही द्यावा.

भारतीय कंपनीने क्लेम नाकारलाच, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही.