गाडी का अडली?

पुणे जिल्ह्यातील नारायणगावचा बाजार टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे. भोवतालच्या गावांतील शेतकरी आपला माल ज्या लहान मालगाड्यांतून तेथे आणतात, त्यांना सर्वजण पिकअप म्हणतात. त्यांतील कित्येक गाड्या जुन्या असतात. मालाने भरलेली अशी गाडी ऐन वेळी सुरू होईनाशी झाली, म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाची घालमेल होते. कारण पिकलेला टोमॅटो कोणासाठी थांबत नाही. मग घाईघाईने हे बदल, ते बदल असे सुरू होते. नवी बॅटरी येते, पैसे जातात, आणि गाडी होती तेथेच उभी असते! मुलांनो, दोष शोधणे हे हातांच्या आधी डोक्याचे काम आहे. ते कसे चालते, हे आपण पाहू.

‘गाडी सुरू होत नाही’ एवढ्या सांगण्याने जाणत्या मिस्त्रीचे समाधान होत नाही. तो प्रथम विचारतो, “सेल्फ फिरतो का?” सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी विजेची मोटर. ती फिरतच नसेल, तर दोष बहुधा विजेच्या बाजूस असतो. ती जोमाने फिरूनही इंजिन सुरू होत नसेल, तर डिझेलची वाट तपासावी. एका प्रश्नाने निम्मी गाडी संशयातून मोकळी झाली!

सेल्फ फिरत नाही, असे समजू. आता पुढचे दिवे लावून मग चावी फिरवावी. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरीत जोर उरलेला नाही किंवा तिच्या टोकांशी तारांचे जोड नीट बसलेले नाहीत. दिवे प्रखर राहिले आणि सेल्फ मात्र निमूट बसला, तर बॅटरीला उगाच बोल लावू नये; वीज सेल्फपर्यंत पोचत नसेल, अथवा सेल्फच बिघडला असेल. जुन्या गाडीत बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट भुकटी साचते. दिव्यांना थोडी वीज पुरते. सेल्फला शेकडो अँपिअरचा प्रवाह लागतो, आणि तो त्या भुकटीतून वाहू शकत नाही. टोके घासून स्वच्छ करून नट आवळले, की पुष्कळदा काम भागते.

डिझेलची बाजू याहून मनोरंजक आहे. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत जे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते, की ती अतिशय तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हा फवारा मोठ्या दाबानेच उडाला पाहिजे. टाकी एकदा कोरडी पडली, की नळ्यांत हवा शिरते. मिस्त्री म्हणतात, ‘गाडीने एअर घेतली.’ मग टाकीत डिझेल ओतूनही गाडी सुरू होत नाही, कारण पंपाचा सारा जोर ती हवा दाबण्यातच खर्ची पडतो. अशा वेळी जुन्या गाडीत फिल्टरवरील स्क्रू किंचित सैल करून छोटा हातपंप मारत राहतात. प्रथम फेस येतो. बुडबुडे थांबून निखळ डिझेल आले, की स्क्रू आवळतात. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

हीच हवा ब्रेकच्या नळ्यांत शिरली, तर पेडल पायाखाली मऊ लागते आणि चाकांवर पुरेसा जोर पोचत नाही. असा माल घेऊन माळशेज घाट उतरणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. तेथे माल नासला तरी चालेल. गाडी हलवू नये, मिस्त्रीलाच बोलवावे.

आता घाट चढतानाची एक गोष्ट पाहा. समोरच्या फलकावर बॅटरीचा तांबडा दिवा लागतो आणि त्याच सुमारास पाण्याच्या तापमानाचा काटा वर चढू लागतो. वीज आणि पाणी यांचा संबंध काय? पुष्कळ जुन्या गाड्यांत एकच रबरी पट्टा वीज निर्माण करणारा डायनामोही फिरवतो आणि इंजिनात पाणी खेळवणारा पंपही. पट्टा तुटला, की दोन्ही कामे एकदम थांबतात. नुसता दिवा लागला असता, तर डायनामोवर संशय घेतला असता. नुसता काटा चढला असता, तर पाणी गळते काय हे पाहिले असते. दोन्ही एकदम घडले, म्हणून इंजिन तत्काळ बंद करून प्रथम पट्टा पाहावा. इंजिन चालू असताना मात्र तेथे हात नेऊ नये.

त्या वेळी रेडिएटरचे झाकण उघडण्याचा मोह होतो. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळते. बंद रेडिएटरमध्ये दाबामुळे ते त्याहून अधिक तापूनही उकळत नाही. झाकण काढताच दाब नाहीसा होतो, पाणी क्षणात उसळते आणि वाफेसह तोंडावर येते. म्हणून इंजिन पुरते निवेपर्यंत गाडी सावलीत उभी ठेवावी. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नये, त्याने धातूला तडा जातो.