पेरलं एक, उगवलं भलतंच

दसऱ्याच्या तोरणातली झेंडूची फुलं मी कधी टाकत नाही. वाळवून, कागदाच्या पुडीत बांधून, वर तारीख घालून ठेवते. शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, त्यामुळे पुडीवर अक्षर वळणदार. पुडीत काय आहे, याची मात्र खात्री नाही, हे तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कळलं.

कोथरूडमधल्या आमच्या इमारतीला गच्ची मोठी आहे. जूनच्या सुरुवातीला मी तिथं जुन्या ट्रेमध्ये बी टाकलं. माती कमी पडली म्हणून जवळच्या मोकळ्या प्लॉटवरून दोन बादल्या भरून आणली. आठवड्याभरात हिरवे ठिपके दिसू लागले, तीन आठवड्यांत कातरलेली पानं फुटली. झेंडूच तो! चहाचे कागदी कप जमवून प्रत्येकात एकेक रोप लावलं आणि घरोघर वाटलं. अकरा कप गेले. दसऱ्याला इमारतीत विकतचं तोरण कुणी आणायचं नाही, असंही मी जाहीर करून टाकलं.

तळमजल्यावरच्या काकांनी तर दोन कप नेले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ. उभी नोकरी कालव्यांच्या कडेनं फिरण्यात गेलेली. हातमोजे वगैरे प्रकार त्यांना ठाऊक नाहीत. रोपं लावली, खालची पानं खुडली, रोज हात फिरवला. पंधरा दिवसांत मनगटं, मान, पापण्या लाल होऊन सुजल्या. रात्रभर खाज. डॉक्टरांनी विचारलं, ''गाजर गवताशी कुठं संबंध आला होता का?'' काका म्हणाले, ''छे हो, मी तर फक्त झेंडू लावलाय.'' झालं, तो विषय तिथंच संपला. मग साबण बदलून पाहिला, वांगी बंद केली, रक्त तपासलं. पुरळ हटेना.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई बार्शीकडच्या. त्या दर वर्षी पालखीबरोबर पंढरपूरला जातात. आषाढी करून परत आल्या, गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्या आणि तिथूनच हाक मारली, ''अवो ताई, ह्ये काँग्रेस कशापायी जपलंय कुंडीत?''

मी म्हटलं, ''अहो, झेंडू आहे तो.''

''झेंडू? आमच्या बांधावर ह्येच उपटून उपटून हात सोलले माझे. चुरगाळून वास घ्या की!''

मी पान चुरगाळलं. झेंडूचा तो उग्र, ओळखीचा वास आला नाही. समोरच्या कुंडीत मी महिनाभर प्रेमानं गाजर गवत वाढवलं होतं, आणि स्वतःच्या हातानं घरोघर पोचवलं होतं.

तीन मजले उतरून काकांच्या दारात जाईपर्यंत पाय जड झाले होते. ''काका, माझी चूक झाली. तो झेंडू नव्हता.'' काका काही क्षण बोलले नाहीत. मग पुरळ उठलेल्या हाताकडे बघत म्हणाले, ''बाई, नाव तेवढं खरं सांगितलं असतंत, तर डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं.'' रागावले असते तर बरं वाटलं असतं. योग्य औषध सुरू झालं, गवत हललं आणि हळूहळू त्यांना उतार पडला. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

असं झालं कसं, याचा शोध मी मग शिक्षिकेच्या चिकाटीनं घेतला. तोरणातली फुलं बी पिकायच्या आत तोडलेली असतात, त्यामुळे त्यांचं बी बहुधा पोचट निघतं. म्हणजे माझा झेंडू उगवलाच नव्हता. उगवलं ते प्लॉटवरच्या मातीतलं बी. गाजर गवताचं एक झाड हजारो बिया टाकतं आणि त्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची नोंद 1950च्या दशकात झाली, तीही आमच्या पुण्यातच! आणि गंमत पाहा, झेंडूही मूळचा मेक्सिकोकडचाच, दोघांचं कुळही एकच, सूर्यफुलाचं. एकानं आपल्या दारावर जागा मिळवली, दुसऱ्यानं उकिरड्यावर. लहानपणी मात्र चुलत भावंडांसारखे दिसतात. काकांना एवढा त्रास का झाला, तेही कळलं. या गवताची अ‍ॅलर्जी वारंवारच्या संपर्कातून जडते, आणि एकदा जडली की थोडा स्पर्शही पुरतो. कालव्याकाठची ती सगळी वर्षं त्यांच्या कातडीनं लक्षात ठेवली असणार.

आता मी दोघांना असं ओळखते. झेंडूची पहिली दोन पानं, म्हणजे बीजपत्रं, लांबट आणि अरुंद असतात आणि त्यानंतरचं पहिलंच पान कातरलेलं येतं. गाजर गवताची बीजपत्रं इवलीशी, गोलसर असतात. सुरुवातीची पानं साधी, कातर नंतर येते. झेंडूचं रोप सरळ उभं राहतं, पानं समोरासमोर येतात. गवत आधी जमिनीलगत पानांचं चक्र पसरतं, आणि पानांवर बारीक लव असते. झेंडूचं पान उजेडासमोर धरलं की तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात. हल्ली मोबाईलवरचं अ‍ॅप फोटोवरून नाव सांगतं. मीही वापरते, पण ते नाव ही सुरुवात समजायची, निकाल नव्हे. कोवळ्या रोपाच्या बाबतीत तर नाहीच नाही. आणि केवळ फोटोवर विसंबून कोणतंही पान तोंडात घालायचं नाही.

कारण प्रश्न काही पुरळापुरता नाही. करोनाच्या काळात गुळवेलीच्या काड्या हातोहात घरोघर गेल्या. 2021मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. तेव्हा दोष गुळवेलीचा, की तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्याच वेलीचा, यावर वाद झाला. तो तज्ज्ञांचा वाद. पण शेजारणीनं दिलेली काडी नक्की कशाची, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं होतं?

त्या पावसाळ्यापासून आमच्या इमारतीत एक रीत पडली आहे. रोप द्यायचं तर कपात आइस्क्रीमची काडी खोचायची. तिच्यावर नाव, बी कुठलं आणि पेरल्याची तारीख. खात्री नसेल तर सरळ लिहायचं, ''ओळख पटलेली नाही.'' असं लिहायला सुरुवातीला लाज वाटते, पण मग चारचौघं खाली वाकून बघतात, वास घेतात, आणि कुणीतरी नाव सांगतंच. बहुतेक वेळा ते बार्शीच्या बाईच सांगतात.

रविवारी सकाळी गच्चीवर जमलं की अनुभवांचीही देवघेव होते. तुळशीचं बी मातीवर नुसतं भुरभुरायचं, पुरायचं नाही. सदाफुलीचं मात्र मातीनं झाकायचं, तिला अंधार लागतो. गोकर्ण आणि कारल्याचं बी रात्रभर भिजवायचं. मिरचीला उगवायला दोन आठवडेही लागतात, घाईनं माती उकरून बघायचं नाही. पाणी जास्त झालं की रोपं बुडापासून कोलमडतात, म्हणून कपाला भोक हवंच. टोमॅटोचं रोप हलवताना खालची पानं काढून दांडा खोल पुरायचा, त्याला मुळं फुटतात. रोपं संध्याकाळी हलवायची आणि उन्हाची सवय हळूहळू लावायची. आणि प्लॉटवरच्या मातीचं पोतं आणलंच, तर ती ओली करून पंधरा दिवस ठेवायची. काय उगवतं ते उगवू द्यायचं आणि फुलावर येण्याआधी हातमोजे घालून उपटायचं. मगच आपलं बी टाकायचं.

काका त्या वर्षी गच्चीवर आले नाहीत. मीही आग्रह केला नाही. दसऱ्याला आमच्या दाराला विकतचंच तोरण होतं.

पुढच्या वर्षी जुलैच्या एका सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्याशी एक कप. त्यात वीतभर रोप, सरळ उभं. काडीवर पाटबंधारे खात्याचं रेखीव अक्षर: ''झेंडू. बी दुकानातलं. 12 जून.'' खाली आणखी एक ओळ होती, ''वास घेऊन पाहिला आहे.''

मी तरीही एक पान चुरगाळलं. मग खाली जाऊन काकांना चहाला बोलावलं.