खुर्द्याची साठ वर्षं

१९६० साली कार्सन, हिल आणि केंट या तिघा ब्रिटिश नाणकतज्ज्ञांनी इसवी सन ३२४ ते ४९८ या काळातल्या रोमन कांस्य नाण्यांची यादी पुस्तकरूपात छापली. वाचण्यासारखं त्यात काहीच नाही. टांकसाळींची नावं, लेखांची तुटक रूपं आणि ओळीने क्रमांक. तरी चौथ्या शतकातल्या नखाएवढ्या काळपट खुर्द्याचे दिवस पालटले ते या रुक्ष यादीने. तोवर हौशी संग्राहकांचा जीव सोन्याच्या ऑरियसवर, चांदीच्या दिनारावर, फार तर पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या भल्याथोरल्या पितळी सेस्टर्शियसवर.

आधी आधार होता तो एकोणिसाव्या शतकातल्या आंरी कोएनच्या फ्रेंच ग्रंथाचा. कोएनने नाणी लावली मागच्या बाजूवरच्या लेखाच्या वर्णानुक्रमाने. नाणं सापडतं चटकन, पण ते कुठे आणि कधी पाडलं याचा पत्ता लागत नाही. टांकसाळ आणि कालक्रम यांना पुढे आणलं ते ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या मालिकेने. पहिला खंड १९२३चा, दहावा १९९४चा. त्यातला सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळाचा सातवा खंड फिनलंडच्या पॅट्रिक ब्रूनने १९६६मध्ये पुरा केला. तो हाताशी असल्याशिवाय या काळातल्या नाण्यांवर बोलूच नये, असं माझं मत आहे.

ओळखायची रीत तशी साधी, चिकाटीची. आधी मोजपट्टी. या नाण्यांची मूळ नावं खात्रीने सांगता येत नाहीत, म्हणून अभ्यासकांनी आकारावरून चार गट केले: २५ मिलिमीटरच्या वरचं एई १, तर १७च्या खालचं एई ४. मग मुखवटा आणि त्याभोवतीचं नाव. खरी कसोटी इथे लागते. कॉन्स्टंटाइनच्या मुलांची नावं कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टँशियस, कॉन्स्टन्स. नाणं जरा तिरकं पाडलं गेलं आणि लेखाचं शेपूट कडेबाहेर गेलं, की तिघे भाऊ एकमेकांत मिसळून जातात! मागच्या बाजूला चित्राखाली रेघ, रेघेखाली टांकसाळीची खूण. ‘एस एम’ म्हणजे पवित्र टांकसाळ, पुढे अँटिऑक, निकोमीडिया किंवा हेराक्लियाची आद्याक्षरं, आणि बहुधा एखादं ग्रीक अक्षर, ते त्या टांकसाळीतल्या विभागाचं.

चित्रही तारीख सांगतं. सेनेचा गौरव करणाऱ्या नाण्यांवर दोन सैनिक समोरासमोर उभे असतात. ३३०पासून त्यांच्यामध्ये दोन ध्वज दिसतात. ३३५च्या सुमारास वजन उतरलं आणि ध्वजही एकच उरला. लेख पुरता झिजलेला असला तरी ध्वज मोजून पाच-सहा वर्षांच्या आत पोहोचता येतं. मला ही नाणी सेस्टर्शियसपेक्षा प्रिय आहेत ती यामुळेच. देखणेपण कमी, पण बोलतात भरपूर.

१९९०नंतर चित्र फार बदललं. पूर्व युरोपातल्या राजवटी कोसळल्या, मेटल डिटेक्टर हाती आले आणि बाल्कन देशांतली मातीने माखलेली नाणी मोठ्या संख्येने पश्चिमेच्या बाजारात उतरली. इंटरनेटवरच्या लिलावांनी ती घरोघर पोचवली. स्वस्तात पिशवीभर नाणी घ्यायची, डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंवा ऑलिव्ह तेलात आठवडेच्या आठवडे भिजवायची आणि दातकोरण्याने माती उकरायची, असा नवाच छंद जन्मला. तेल किंचित आम्लधर्मी असल्याने नाण्यावरचा जुना थर बिघडवतं, हे संग्रहालयांतले जाणकार सांगत आले, ऐकलं थोड्यांनी. क्लोराइड आणि दमट हवेमुळे फिकट हिरवी भुकटी धरणारा ‘ब्राँझचा रोग’ तर अनेकांना नाणं हातचं गेल्यावर कळला.

त्या पिशव्यांनी हजारो लोकांना रोमन इतिहासाची गोडी लावली, हे नाकारता येणार नाही. पण त्यांपायी किती वस्त्या आणि थडगी खणली गेली, याची नोंद कोण ठेवणार? अमेरिकेने २००७मध्ये सायप्रसच्या प्राचीन नाण्यांवर आणि २०१४मध्ये बल्गेरियातून येणाऱ्या पुरावस्तूंवर आयातबंदी घातली. संग्राहकांच्या संघटना चिडल्या. मला ती बंदी उशिराच आली असं वाटतं.

कारण नोंद ठेवली की काय हाती येतं, हे २०१०मध्ये इंग्लंडमधल्या फ्रूमने दाखवलं. डेव्ह क्रिस्प यांना शेतात एक रांजण लागला. थोडी नाणी हाती येताच त्यांनी खणणं थांबवलं आणि पुरातत्त्वज्ञांना कळवलं. रांजणात ५२,५०३ नाणी निघाली, सुमारे १६० किलो. ती थराथराने काढली, तेव्हा सम्राट कारॉशियसची, म्हणजे सगळ्यात अलीकडची नाणी बहुतांशी रांजणाच्या खालच्या भागात होती. म्हणजे ही वर्षानुवर्षं साठवलेली पुंजी नव्हती. बहुधा एकाच वेळी ओतलेली. एका रात्रीत रांजण उपसला असता तर नाणी तीच मिळाली असती आणि हे कधीच कळलं नसतं.

भारताचाही यात वाटा आहे. पहिल्या शतकात इथे रोमचं सोनं-चांदी आली; चौथ्या-पाचव्या शतकांतली बारीक तांब्याची नाणी मात्र तामिळनाडूत करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात आणि मदुराई परिसरात मिळाली. आर. कृष्णमूर्ती यांनी त्यांवर १९९४मध्ये पुस्तक लिहिलं. सोनं कुठेही चालतं; खुर्दा आपल्या राज्याबाहेर कोण घेणार? तरी तो समुद्र ओलांडून आला, आणि श्रीलंकेत तर त्याच्या स्थानिक नकलाही पाडल्या गेल्या. म्हणजे तिथल्या बाजारात तो चालत होता.

आज ‘ओसीआरई’ या मोफत संकेतस्थळावर चाळीस हजारांहून अधिक रोमन नाणेप्रकार, अनेकदा छायाचित्रांसह, शोधता येतात. नव्याने या नादाला लागणाऱ्याने पहिलं वर्ष तिथेच घालवावं. पुढे विकत घ्यायचंच झालं, तर नाणं कुठे सापडलं आणि त्या देशातून कसं बाहेर पडलं याचा कागद मागावा. कागद नसेल, तर नाणं कितीही स्वस्त असो, घेऊ नये.