दोन ओळींच्या पडद्यावरचे खेळ

लंडनच्या सायॉन कंपनीने 1986 साली 'ऑर्गनायझर टू' नावाचं हातात मावणारं यंत्र बाजारात आणलं. फोन नंबर, भेटीच्या वेळा, आकडेमोड हे त्याचं काम. पडदा दोन ओळींचा, एका ओळीत 16 अक्षरं. बटणं ए-बी-सीच्या क्रमाने लावलेली. आत नऊ व्होल्टची बॅटरी. खेळासाठी याहून गैरसोयीचं यंत्र शोधूनही सापडलं नसतं. तरीही हौशी शाळकरी मुलांनी त्यावर आकडा ओळखा, शब्द ओळखा, समोरून येणारे अडथळे चुकवा असे छोटे छोटे खेळ लिहिले. या मुलांच्या हुशारीचं कौतुक करावंच, पण माझ्या मते मोठं श्रेय यंत्राच्या रचनेला जातं. त्याच्या मुख्य मेनूमध्ये डायरी आणि कॅल्क यांच्याच रांगेत 'प्रोग' असा पर्याय होता. तो उघडला की ओपीएल ही सोपी भाषा हाताशी यायची. दुसरा संगणक नको, कोणाची परवानगी नको. यंत्र ज्याचं, त्याने त्यावरच प्रोग्राम लिहायचा आणि तिथेच चालवायचा.

अडथळ्यांचा खेळ कसा लिहिता येतो ते पाहा. वरची ओळ हा एक रस्ता, खालची दुसरा. डाव्या टोकाला आपली गाडी, उजवीकडून एक फुली सरकत येते. 'ॲट' ही आज्ञा अक्षर कुठे छापायचं ते ठरवते, 'प्रिंट' ते छापते, 'पॉज' क्षणभर थांबवते, टक्कर झाली की 'बीप'. स्वतःची आठ अक्षरं घडवता येत, प्रत्येक पाच बाय आठ ठिपक्यांचं. म्हणजे गाडीचं चित्र 40 ठिपक्यांत बसवायचं. खरी मेख बटणाशी आहे. 'गेट' ही आज्ञा बटण दाबलं जाईपर्यंत थांबून राहते, 'की' नुसतं पाहते आणि पुढे जाते. 'गेट' वापरलं की फुलीसकट सगळा रस्ता जागीच थिजतो. 'की' वापरलं की खेळ सुरू होतो. आजही एखादं ॲप हँग होतं तेव्हा अनेकदा कारण हेच असतं: प्रोग्राम कशाची तरी वाट पाहत अडकलेला असतो. शिवाय हे खेळ ज्या डेटापॅकवर साठवायचे, त्यावर खोडलेल्या मजकुराची जागा परत मिळत नसे. अख्खा पॅक अतिनील दिव्याखाली धरून कोरा करावा लागे. त्यामुळे 'सेव्ह' करण्याआधी विचार करणं भाग होतं.

यावर कोणी म्हणेल, हे जुन्याचं वेड आहे. ते खेळ होते तरी किती रटाळ! रटाळ होतेच. त्यांची किंमत ते लिहिण्यात होती, खेळण्यात थोडीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आज प्रोग्राम लिहिण्यासाठी स्क्रॅच आहे, पायथॉन आहे, सगळं फुकट आहे. खरं आहे, आणि ज्या मुलाकडे लॅपटॉप आहे त्याची स्थिती तेव्हापेक्षा कितीतरी चांगली आहे. पण महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत संगणक म्हणजे फोनच. फोनवर प्रोग्राम लिहिण्याची सोय शोधावी लागते, आणि अशी सोय असते हेच ज्या मुलाला ठाऊक नाही, ते ती शोधणार कसं? 2010 साली ॲपलने तर स्क्रॅचमधले खेळ आयफोनवर चालवणारं ॲपच आपल्या ॲप स्टोअरमधून काढून टाकलं होतं. पुढे नियम सैल झाले, पण फोनच्या मेनूमधली 'प्रोग'ची जागा रिकामीच राहिली. राहता राहिला सुरक्षेचा मुद्दा. फोनमध्ये बँक आहे, आधार आहे, तिथे मुलांना प्रोग्राम लिहू द्यायचे का? ही काळजी रास्त आहे, पण तिच्यावर उपाय केव्हाच सापडलेला आहे. आपण रोज ज्या वेबसाइट उघडतो, त्यांतल्या बहुतेक परक्यांनी लिहिलेले प्रोग्राम आपल्याच फोनवर चालवतात. ब्राउझर त्यांना कुंपणात ठेवतो, आपले फोन नंबर किंवा पैसे त्यांच्या हाती लागू देत नाही. तेच कुंपण मुलांच्या खेळांनाही पुरेल.

फोन बनवणाऱ्या कंपन्यांनी कॅल्क्युलेटरशेजारी प्रोग्राम लिहिण्याची एक खिडकी द्यावी, ही मागणी आपण लावून धरायला हवी. तोवर पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांच्या फोनवर पायथॉनचं एखादं मोफत ॲप घालून द्यावं आणि त्यांना आकडा ओळखण्याचा खेळ लिहायला सांगावं. तो डझनभर ओळींत होतो.